बर्थाबाईंच्या कड्यातलं पोवळं

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. इथे चार खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेलासुद्धा आपण पहिली रांग सोडून बसतो.

वंदना झाली, मेणबत्त्या लावून झाल्या, पाच जण बोलून झाले. सगळे छान बोलले. आता माझी पाळी आहे. मला बोलता येत नाही असं इथे कुणीच म्हणणार नाही. मी मेधा, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटीत आहे, तिथे मीटिंगमध्ये लोक मला गप्प करायला टपलेले असतात. पण आज उभं राहणं कठीण जातंय. सुहासरावांनी मला तीन मिनिटं दिली आहेत. सुहासराव, मी जास्त घेणार आहे. हॉल सहापर्यंत आपला आहे, वॉचमन आला तर त्याला थांबवा.

पहिल्यांदा एक दुरुस्ती करते. मघाशी दोघांनी मिलिंदला "सिंगापूरचे नवाहो कलाकार" म्हटलं. दाराशी जो फलक लावलाय त्यावरही तेच लिहिलंय. मंडळी, तो नवाहो नव्हता. तो नागपूरचा होता. डॉक्टर मिलिंद, पदार्थविज्ञानातला संशोधक, पुंगोलला राहणारा, सुजाताचा नवरा, यशूचा बाबा. नवाहो हे अमेरिकेच्या वाळवंटातले लोक. स्वतःच्या भाषेत ते स्वतःला डिने म्हणतात. चांदीत पिरोजा आणि पोवळं बसवायची त्यांची एक रीत आहे. ती रीत मिलिंद एका बाईंकडून शिकला. शिकला म्हणून तो त्यांच्यातला झाला का? मी त्याला एकदा म्हटलं होतं, अरे, तुझ्या दागिन्यांना नवाहो म्हटलं तर काय बिघडतं? लोकांना लगेच कळेल. तो म्हणाला, "लोकांना चुकीचं लगेच कळेल." तिकडे तसा कायदाही आहे, जे त्या लोकांनी बनवलं नाही ते त्यांचं म्हणून विकता येत नाही. आणि मिलिंद तर विकतही नव्हता. त्याने केलेल्या प्रत्येक वस्तूच्या डबीत एक चिठ्ठी असायची. चांदी कुठली, खडा कुठला, खड्यावर काय प्रक्रिया झाली आहे, कुणाकडून शिकलो. दागिना बोटाएवढा आणि चिठ्ठी हातभर.

यशूला मी काल विचारलं, बाबांबद्दल काय सांगू गं? ती म्हणाली, "मावशी, पपा डोंट एनीहाऊ से वन." म्हणजे, बाबा उगाच काहीतरी ठोकून द्यायचे नाहीत. सतरा वर्षांच्या पोरीने एका वाक्यात सांगितलं ते आपल्याला एवढ्या वर्षांत कळलं नाही. तो फलक काढा, सुहासराव. मी बोलत असतानाच काढलात तरी मला राग येणार नाही.

तर, त्या बाई. त्यांचं नाव बर्था. मिलिंद आपल्या पद्धतीने बर्थाबाई म्हणायचा, आणि त्यांना वाटायचं की "बाई" हे काहीतरी मोठ्या मानाचं बिरुद आहे. तो पोस्टडॉकला न्यू मेक्सिकोत होता तेव्हाची गोष्ट. लॅबमध्ये त्याच्याकडे पिरोजाचे नमुने यायचे, खरे कुठले आणि रंगवलेले कुठले ते ओळखायला. एके दिवशी बर्थाबाई स्वतः एक खडा घेऊन आल्या. कुणा व्यापाऱ्याने त्यांना फसवलं होतं. मिलिंदने तपासून सांगितलं की हा पिरोजा नाहीच, पांढरा दगड निळ्या रंगात बुडवलाय. बाई म्हणाल्या, ते मला माहीत आहे, मला फक्त बघायचं होतं की तुझ्या यंत्राला कळतं का! तिथून त्यांचं जमलं. तीन वर्षं हा दर शनिवारी त्यांच्याकडे जायचा. पहिले चार महिने बाईंनी त्याला फक्त कानस धरायला दिली. चांदी नाही, खडा नाही, नुसती कानस. पीएच.डी. झालेला माणूस शनिवार-शनिवार पितळेच्या पट्ट्या घासत बसायचा.

मलाही त्याने तेच केलं, हे इथे नोंदवून ठेवते. पाच वर्षांपूर्वी मी म्हटलं, मला शिकव. पुंगोलच्या फ्लॅटमध्ये डाख द्यायची गॅसची बत्ती पेटवता येत नाही, म्हणून त्याने एका सोनार अंकलच्या वर्कशॉपमध्ये एक टेबल घेतलं होतं. तिथे मी रविवारी जायची. चार महिने पितळ घासलं. वैताग आला. मी म्हणायची, मिलिंद, मी व्हाइस प्रेसिडेंट आहे रे. तो म्हणायचा, "हो का? मग ही कड अजून तिरकी कशी?"

पण त्याने मला बघायला शिकवलं. पिरोजा मऊ असतो, अंगाचा घाम पितो, तेल पितो, वर्षानुवर्षं घातला की निळ्याचा हिरवट होत जातो. बाजारातला पुष्कळसा पिरोजा म्हणजे चुरा करून राळेत दाबलेली वडी. पोवळ्याचं तर विचारूच नका. पोवळं म्हणजे समुद्रातल्या जिवाचं घर. खऱ्या लाल पोवळ्यावर भिंगातून बघितलं तर केसासारख्या बारीक रेघा दिसतात. आणि बाजारात जे ढिगाने मिळतं ते दुसऱ्याच पांढऱ्या पोवळ्याला रंग दिलेला. नेलपॉलिश काढायचं पाणी कापसाला लावून फिरवलं की कापूस गुलाबी होतो.

हो, तो कापूस. इथल्या निम्म्या बायकांना तो कापूस आठवत असेल. हळदीकुंकवाला मिलिंद सुजाताला न्यायला आला होता. कुणीतरी हौसेने नवी अंगठी दाखवली, मंगळासाठी घेतलेली, ज्योतिषाने सांगितलेल्या वजनाची. याने खिशातून भिंग काढलं. मग कापूस मागितला. मी नको नको म्हणून डोळे मोठे करत होते. कापूस गुलाबी झाला. त्या घरात पुढचे दोन महिने मिलिंदचं नाव काढायची सोय नव्हती. लोक म्हणाले, याला रीत नाही. लोक आणखीही काही म्हणाले. "यांना काय कळणार पोवळ्यातलं" असंही म्हणाले. "यांना" म्हणजे कुणाला, ते म्हणणाऱ्यालाही माहीत होतं आणि मिलिंदलाही. मी तिथे होते. मी ऐकलं आणि ताटातली बर्फी उचलली.

आता त्या कड्याचं सांगते. आज माझं येणं त्यासाठीच आहे.

त्या टेबलावर, त्याच्या फोटोच्या डाव्या बाजूला, काचेच्या पेटीत एक चांदीचं कडं ठेवलंय. तुम्ही सगळे येता येता बघून आलात. काहींनी फोटोही काढले. ते मिलिंदने केलेलं नाही. ते बर्थाबाईंच्या आईचं आहे. मधोमध पिरोजा, म्हातारा होऊन हिरवा पडलेला. त्याच्या एका बाजूला पोवळं. दुसऱ्या बाजूला कोंदण रिकामं. तिथलं पोवळं फार वर्षांपूर्वी पडून गेलं.

त्या वाळवंटात पिरोजा त्यांच्याच डोंगरातला. पण समुद्र शेकडो मैल लांब. पोवळं तिथे आलं ते थेट भूमध्य समुद्रातून, व्यापाऱ्यांच्या हातून हातात. बर्थाबाईंच्या आईने ती दोन पोवळी आपल्या हाताने घासली होती. आता बाईंची नजर अधू झाली, हात थरथरतो. सहा वर्षांपूर्वी मिलिंद त्यांना भेटायला गेला तेव्हा त्यांनी हे कडं त्याच्या हातात दिलं. म्हणाल्या, तिकडे तू बेटावर राहतोस म्हणे, चहूकडे समुद्र. या एका पोवळ्याला जोड शोध. खरं हवं आणि रंग मिळाला पाहिजे. मी जिवंत आहे तोवर आण.

मिलिंद हो म्हणाला. आणि यशू म्हणाली तसं, तो उगाच काही म्हणायचा नाही.

तुम्हाला वाटेल, पोवळंच तर हवंय, त्यात काय. मलाही वाटलं होतं. त्याने काय काय केलं ते मी बघितलंय. इथली दुकानं पालथी घातली. बाहेरून दोन मागवली. एक नारिंगी निघालं, दुसऱ्याच्या भेगांत राळ भरलेली. जुनं, न रंगवलेलं, त्या मापाचं आणि त्या रंगाचं, एवढं सगळं एका खड्यात मिळेना. बर्थाबाई फोनवर विचारायच्या, मिळालं का? हा म्हणायचा, नाही. त्या म्हणायच्या, कसलं रे तुझं बेट!

शेवटी एका गणपतीत आरती झाल्यावर तो उठून उभा राहिला. तुम्हाला आठवतंय ना? तो गणपतीला यायचा ते आपल्याला भेटायला आणि साउंड सिस्टिमच्या वायरी सारख्या करायला. त्या दिवशी त्याने माइक हातात घेतला. म्हणाला, कुणाच्या घरात जुनी पोवळ्याची अंगठी पडून असेल, आईची, आजीची, वापरात नसलेली, तर मला दाखवा. मी त्याबदली जे म्हणाल ते करून देईन. एका म्हाताऱ्या बाईंना हवंय.

काय झालं मग? हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, तुम्हालाही मंगळ लागला काय?" सगळे हसले. मीही हसले. तोही हसला बिचारा, माइक खाली ठेवला आणि वायर गुंडाळायला लागला.

आणि एकानेही अंगठी दाखवली नाही. का नाही दाखवली, ते तुम्हाला ठाऊक आहे. अंगठ्या नव्हत्या म्हणून नाही. आपल्यात ग्रहासाठी घातलेला खडा उतरवला की तो दुसऱ्याला देत नाहीत. आपलं अरिष्ट त्या खड्याबरोबर दुसऱ्याच्या घरी जातं म्हणतात. तो वाहत्या पाण्यात सोडायचा. आपण इंजिनिअर, आपण डेटा सायंटिस्ट, आपण रिस्क मॅनेजर. आपल्या ड्रॉवरमध्ये पोवळी पडून होती आणि आपण हसत होतो.

माझ्या तर बोटातच होतं.

हे आता नीट ऐका. मला हे पुन्हा सांगायला जमणार नाही.

माझ्या पत्रिकेत मंगळ. लग्नाच्या वेळी आईने स्वतःच्या आईचा दागिना मोडून त्यातल्या पोवळ्याची मला अंगठी करून दिली. मी ती बावीस वर्षं घातली. वर्कशॉपच्या पहिल्याच दिवशी मिलिंदने माझ्या हातातली कानस सरळ केली आणि बोटाकडे बघून थांबला. भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. मग कडं आणून माझ्या हाताशेजारी धरलं. म्हणाला, "मेधा, हेच आहे. हाच रंग." डोळ्यांत असं काही होतं त्याच्या! पण मागितलं नाही. बोटातलं कसं मागायचं? साडेतीन वर्षं दर रविवारी माझा हात त्याच्यासमोर टेबलावर असायचा आणि त्याने एकदाही विषय काढला नाही. अशी सभ्यता मी दुसऱ्या कुणात बघितलेली नाही.

दीड वर्षापूर्वी पुण्याच्या गुरुजींनी आईला सांगितलं की आता मेधाने अंगठी काढली तरी चालेल. मी काढली. पुढच्या रविवारी मिलिंदच्या लक्षात आलं. हातातलं काम ठेवून त्याने विचारलं, "काढलीस? मला देशील? तुला नको असेल तरच हं. बदल्यात काय म्हणशील ते देतो." मी म्हटलं, "देते की. आईला एकदा विचारते."

आईला विचारलं. व्हिडिओ कॉलवर आई किंचाळलीच. "उतरवलेलं पोवळं दुसऱ्याच्या हातात? अगं, तुझं सगळं त्या बिचाऱ्याच्या माथी जाईल. आणि तुझ्या नवऱ्याचं काय? वाहत्या पाण्यात सोड, आजच सोड." मी म्हटलं, आई, तो बौद्ध आहे, तो हे मानत नाही. आई म्हणाली, "त्याने मानलं नाही म्हणून आपलं टळतं का?"

मंडळी, मी रोज बँकेच्या सिस्टिममध्ये लोकांना विचारते, पुरावा काय? आईला मी एका शब्दाने विचारलं नाही. रविवारी वर्कशॉपला जाण्याच्या ऐवजी पुंगोलच्या जेट्टीवर गेले. दोन माणसं मासे पकडत बसली होती. पाण्यात काही टाकताना कुणी बघितलं तर दंड होईल, एवढीच भीती मला त्या क्षणी वाटत होती. चोहीकडे बघितलं आणि अंगठी टाकली. समोर पलीकडे मलेशियाचं जोहोर. ते पाणी वाहतं तरी होतं की नाही, देव जाणे.

मी स्वतःला सांगितलं, मिलिंदवर काही येऊ नये म्हणून टाकली. खोटं. मला माझ्या घराची भीती वाटली. बावीस वर्षं जे बोटात घालून फिरले, ते मी मानत नाही असं म्हणायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही.

आणि मग त्याला सांगितलं, हरवली. घर साफ करताना गेली कुठेतरी.

तो काय म्हणाला असेल? "तू पण ना" असं म्हणायला हवं होतं. चिडायला हवं होतं. तो म्हणाला, "घरातच असेल. शोधू या."

शनिवारी तो आणि सुजाता जुरोंग ईस्टला माझ्या घरी आले. याच कॉन्डोत, इथून चार मजले वर. टॉर्च घेऊन आले. सोफा सरकवला. मिलिंद पालथा पडून सोफ्याखाली हात घालत होता. सुजाताने बाथरूमच्या जाळ्या काढल्या. मग त्याने व्हॅक्यूम क्लिनरची पिशवी वर्तमानपत्रावर ओतली आणि माझ्या चहाच्या गाळणीने ती सगळी धूळ चाळली. मूठ मूठ. चाळायचा, भिंगाने बघायचा, बाजूला करायचा. शिंका येत होत्या. तीन तास. खरं पोवळं आणि रंगवलेलं पोवळं नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला काही कळलं नाही. नाही, तसं नाही. त्याने बघितलंच नाही. मैत्रिणीला तपासायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आणि मी काय केलं? मी चहा टाकला. आलं घालून.

त्यानंतर तो म्हणाला, ठीक आहे, मिळेल दुसरं. शोधत राहिला. बर्थाबाई विचारत राहिल्या. अकरा दिवसांपूर्वी सकाळी कामावर जाताना एलआरटीच्या फलाटावर तो खाली बसला आणि उठला नाही. चोपन्न वर्षांचा. आईला मी कळवलं. आई हळहळली. मी तिला विचारलं, आई, पोवळं मी पाण्यात सोडलं होतं, त्याला दिलं नव्हतं, मग हे कसं झालं? आता मी तुम्हाला विचारते. मला कुणीतरी सांगा. कुणाचं काय टळलं?

सुजाताला इंग्रजीतून फोनवर बोलवेना, म्हणून बर्थाबाईंना कळवायचं काम माझ्याकडे आलं. सुजाताने फोन स्पीकरवर ठेवला होता. मी बाईंना सांगितलं, मिलिंद गेला. मग त्यांनी विचारलं, "पोवळं मिळालं होतं का त्याला?" मी नाही म्हणणार तेवढ्यात सुजाता म्हणाली, एकदा मिळालं होतं, पण हिच्या घरात हरवलं. तिने ते अगदी सरळपणे सांगितलं. आणि बाई म्हणाल्या, "घरात पोवळं हरवतं कसं?"

मंडळी, दीड वर्षात हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला. मी सांगून टाकलं. जेट्टी, आई, सगळं. माझ्या इंग्रजीत अरिष्टाला शब्द सापडेना, तरी सांगितलं. मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, काहीतरी समजुतीचं बोलेल. आपल्याला तशी सवय असते ना, मोठ्यांनी समजूत घालायची. बाई म्हणाल्या, "माझं कडं मला परत पाठव." आणि फोन ठेवला.

सुजाता उठली. स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. नळ बंद करून म्हणाली, "रविवारी तू बोलणार आहेस ना? मग तिथे सांग. सगळ्यांसमोर." एवढंच. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. सुजाता, मी सांगितलं. सगळं सांगितलं.

आता सुहासराव, तुमच्याकडे येते. तुमचा हेतू चांगला आहे, तो नेहमीच चांगला असतो. तुम्ही म्हणालात, दिवाळीच्या मेळ्यात मिलिंदच्या दागिन्यांचं प्रदर्शन लावू आणि हे कडं मधोमध ठेवू. आणि रिकामं कोंदण बरं दिसत नाही, तर दुकानातून एक लाल खडा आणून चिकटवू, लांबून कुणाला कळणार आहे? हे तुम्ही मला, काल, फोनवर, त्याच्या शोकसभेच्या आदल्या दिवशी म्हणालात. मला हसावं की रडावं कळेना. अहो, ज्या माणसाने सहा वर्षं ते कोंदण रिकामं ठेवलं, खोटं बसवायचं नाही म्हणून रिकामं ठेवलं, त्याला श्रद्धांजली म्हणून तुम्ही त्यात रंगवलेलं पोवळं गोंदाने चिकटवणार? लांबून कुणाला कळणार नाही, हे खरं आहे. लांबून आपल्याला काहीच कळत नाही. तेच तर दुखणं आहे.

असं काहीही होणार नाही. त्या कोंदणाच्या तळाशी थोडा लाकडाचा भुसा आहे. खड्याखाली भुसा घालायची त्यांची जुनी रीत आहे, खडा मऊ बसावा म्हणून. तो भुसा बर्थाबाईंच्या आईने घातलेला आहे. मिलिंद मला तिथे फुंकरसुद्धा मारू द्यायचा नाही. तेव्हा काच उघडू नका. उद्या सकाळी मी ते कडं भुशासकट बांधून पाठवते आहे. डबीत मिलिंदच्या पद्धतीची चिठ्ठी घालणार आहे. पिरोजा कुठला, पोवळं कुठलं, दुसरं पोवळं का नाही. ते का नाही, ते माझ्या नावासकट लिहिणार आहे. सुजाता वाचेल, मग पाकीट बंद होईल.

एक शेवटचं. मला बघायला त्याने शिकवलं, त्यामुळे मघाशी दारात तुमचे हात हातात घेतले तेव्हा मला दिसलंय. या हॉलमध्ये आत्ता सहा हातांत पोवळं आहे. चार रंगवलेली आहेत, राग मानू नका. दोन मला खरी वाटतात. मी ती मागत नाही. मागायचा हक्क माझा राहिलेला नाही. त्याने एकदा मागितलं होतं, माइक घेऊन, सगळ्यांसमोर, सभ्यपणे. ते आठवा आणि काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मेधाने सांगितलं म्हणून करू नका. काढून पाण्यात तर मुळीच टाकू नका. बर्थाबाई ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना अजून त्यांच्या आईचं कडं पूर्ण बघायचंय, एवढंच मला माहीत आहे.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. मोबाइल बंद करा. ही दोन मिनिटं मिलिंदची आहेत. ती संपली की खाली चहा आहे, आणि मला माहीत आहे, तुम्ही माझ्याजवळ याल, माझ्या पाठीवर हात ठेवाल आणि म्हणाल, "जाऊ दे गं मेधा, त्याने मनात ठेवलं नसतं." हो. त्याने ठेवलं नसतं. म्हणूनच तुम्ही ते म्हणू नका. कृपा करून कुणी म्हणू नका.

उठा. उभे राहा.